दार

दार नुसतं उघडलं होतं, लावलंसुद्धा नव्हतं. स्कॉटलंडच्या एका बेटावर, ग्रुइनार्टच्या सपाटीवरून जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या कडेला एक गाडी थांबली. मागच्या दारातून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस उतरला आणि तारेच्या कुंपणापलीकडे चरणाऱ्या हजारभर बार्नॅकल कादंबांनी (हंसाच्या कुळातले पक्षी) एकदम माना वर केल्या. इतका वेळ कुरणावर जी बारीक कुजबुज चालू होती, गवत खुडण्याची आणि आपसांत कुरकुरण्याची, ती थांबली. मग एका टोकाकडून पहिले पन्नास उठले, आणि पाठोपाठ सतरंजी झटकावी तसं अख्खं कुरण वर आलं. करडे, काळे, पांढरे पट्टे, छोट्या कुत्र्यांनी एकाच वेळी भुंकावं तसा कल्लोळ. माणसाने चार-पाच फोटो काढले. त्याच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग दार लागलं, गाडी पुढे गेली. कादंब त्या कुरणात लगेच परत आले नाहीत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे अकरा.

ते रिकामं कुरण मनातून जात नाही. कारण त्या बेटावरचा हिवाळ्यातला दिवस केवढा असतो ते ठाऊक आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचं हे बेट. इंग्रजी नकाशावरची अक्षरं वाचून आपण इस्ले म्हणतो, पण तिथे म्हणतात आयला. मराठी कानाला पहिल्यांदा ऐकताना हसू येतं, आणि मग त्याच नावाची सवय होते. डिसेंबरअखेर इथे सूर्य नऊच्या जरा आधी उगवतो आणि चारच्या जरा आधी मावळतो. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे दिवसभर सकाळचंच ऊन, तेही ढगांनी सोडलं तर. या सात तासांत पावणेदोन किलोच्या आसपास वजनाच्या पक्ष्याला नुसत्या गवतावर पोट भरायचं असतं. गायीसारखं गवत कुजवून त्यातलं सगळं सत्त्व काढून घेणारं पोट कादंबाला नाही. एका बाजूने खुडायचं, वरवरचा रस घ्यायचा, बाकीचं दुसऱ्या बाजूने टाकायचं. दर तीन-चार मिनिटांनी विष्ठा पडते, इतक्या वेगाने गवत आतून पुढे सरकतं. त्यामुळे दिवसातला जवळजवळ प्रत्येक उजेडाचा क्षण चरण्यात जातो. अशा दिवसातून विनाकारण घेतलेली एक उड्डाणझेप म्हणजे नुसती दहा मिनिटं नव्हेत. उडायला लागणारी ताकद बसून राहण्यापेक्षा कितीतरी पट असते, आणि ती भरून काढायला पुन्हा गवतच, पुन्हा त्याच सात तासांतून. एकदा उठवलं तर पक्षी सावरतो. पण त्या रस्त्यावरून दिवसात एकच गाडी जात नाही.

म्हणून इथला पक्षीनिरीक्षणाचा दिवस आखताना पहिला प्रश्न काय दिसेल हा नसतो. आपण कुठे उभे राहिलो तर कुणाला उठावं लागणार नाही, हा असतो. आणि गंमत म्हणजे, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता दिसतंही जास्त.

सुरुवात ब्रिजेंडपासून करावी, लॉख इंदालच्या माथ्याशी, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. 'लॉख' या शब्दाचं मराठीत काय करायचं हे अजून नीट सुटलेलं नाही. आपल्याकडे तळं वेगळं आणि खाडी वेगळी. तिथल्या गेलिक भाषेत गोड्या पाण्याचं तळंही लॉख आणि जमिनीत शिरलेली समुद्राची जीभही लॉख. लॉख इंदाल ही जीभ आहे, रुंद आणि उथळ. पूर्वेच्या काठावर बोमोर, पश्चिमेच्या काठावर ब्रुइकलाडी आणि पोर्ट शार्लट. माथ्याशी चिखलाची सपाटी आणि खाऱ्या गवताचा पट्टा आहे, तिथे कादंब रात्र काढतात. फटफटायच्या आत आवाज वाढू लागतो. मग तुकड्या उठतात, वीस, साठ, दोनशे, आणि रस्त्यावरून डोक्याच्या इतक्या जवळून जातात की पंखांचा घुसमटलेला सूं-सूं वेगळा ऐकू येतो. इथे काहीच करायचं नसतं. गाडी रस्त्याबाहेरच्या मोकळ्या जागेत आधीच उभी, इंजिन बंद, दिवे बंद, काच खाली.

गाडी हीच इथली सर्वांत चांगली लपणजागा आहे, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. कादंबांच्या लेखी गाडी म्हणजे चाकांवरची गाय. माणसाची उभी आकृती मात्र त्यांना शंभर-दोनशे मीटरवरूनही खुपते, आणि त्याला कारणही आहे, ते पुढे येईलच. पण गाडीतून बघण्याचीही रीत असते. हीटर चालू ठेवून काच खाली केली की आतली ऊबदार हवा खिडकीतून बाहेर वाहते आणि दुर्बिणीत सगळं चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. माणूस दुर्बिणीला दोष देतो. थांबण्याच्या दहा मिनिटं आधी हीटर बंद करायचा, काच खाली करायची, थोडं कुडकुडायचं. इंजिन चालू असेल तर त्याची थरथरही दुर्बिणीत मोठी होऊन दिसते. हातातली ८×४२ची दुर्बीण कादंबांना पुरते. पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी ६५ किंवा ८० मिलिमीटर भिंगाचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लागतो. तो खिडकीच्या काचेवर तांदळाची किंवा वाटाण्याची छोटी पिशवी टेकवून तिच्यावर ठेवला तर तिपाईची गरज पडत नाही. ६० पटीपर्यंत जाता येतं म्हणून जाऊ नये. वाऱ्यात २५-३० पटीपलीकडे फक्त थरथर मोठी होते. आणि एकेरी रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जे फुगवटे ठेवलेले असतात, तिथे गाडी लावून पक्षी बघत बसायचं नाही, कितीही चांगला पक्षी समोर असला तरी. दूधवाला, पशुवैद्य, शाळेची बस, सगळे त्याच फुगवट्यांवर अवलंबून असतात. समोरून येणारा प्रत्येक जण स्टीअरिंगवरून हात उचलून तुम्हाला सलाम करतो. तो परत करायचा.

उजेड नीट झाला की बोमोरच्या बाजूला यावं. सकाळी सूर्य आग्नेयेला, म्हणजे पाठीशी, आणि पश्चिमेकडचं पाणी उजळलेलं. दुपारी हेच उलटं होतं, तेव्हा ब्रुइकलाडीच्या काठावरून पूर्वेकडे बघायचं. हिवाळ्यातला खालचा सूर्य समोर घेऊन समुद्राकडे बघितलं तर सगळी बदकं काळी दिसतात, आणि डोळ्यांना इजा होते ती वेगळीच. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं, पण त्यावर फार विसंबू नये. आयलाच्या दक्षिणेला समुद्रात अशी जागा आहे की जिच्याभोवती भरतीची लाट नुसती फिरते आणि मध्ये पाणी जवळपास चढतच नाही. त्यामुळे पोर्ट एलनला भरती-ओहोटीतला फरक अगदी किरकोळ. रत्नागिरी-मालवणकडून आलेल्या माणसाला किनारा बिघडल्यासारखा वाटतो. अशा ठिकाणी चंद्रापेक्षा हवामान जास्त बोलतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. अटलांटिकवरचं खोल वादळ ४० मिलिबार घेऊन आलं तर ४० सेंटिमीटर. वर वारा पाण्याला लॉखच्या माथ्याशी रेटतो, आणि वेळापत्रकात ओहोटी असताना चिखल पाण्याखालीच राहतो. उत्तरेला तोंड असलेल्या लॉख ग्रुइनार्टमध्ये मात्र पाणी चांगलं चढतं-उतरतं. दक्षिणेचा आकडा तिथे वापरला की दिवस फसतो.

पाण्यावर बघताना घाई करणाऱ्याला काही मिळत नाही. स्कोप डावीकडून उजवीकडे एका लयीत फिरवत नेला तर अर्धे पक्षी त्या वेळी पाण्याखाली असतात. पाण्याच्या एका तुकड्यावर स्कोप रोखायचा, मनात साठपर्यंत मोजायचं, मग पुढचा तुकडा. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा बुड्या मारणारा पक्षी एक मिनिट सहज खाली राहतो आणि वर येतो तो शंभर मीटर भलतीकडे. जाडजूड मान, कपाळावर उंचवटा, खंजिरासारखी भरदार करडी चोच, मानेवर अर्धवट गळपट्टा. लाल गळ्याचा डायव्हर त्याच्याहून सडपातळ, फिकट, चोच वर उचलून धरणारा, जणू कुणाशी बोलायचं नाही. काळ्या गळ्याचा असेल तर पाण्याला टेकलेल्या कुशीवर मागच्या बाजूला पांढरा ठिपका दिसतो. तिघेही हिवाळ्यात करडे-पांढरेच, नावातले लाल-काळे गळे उन्हाळ्यापुरते. लॉख इंदालमध्ये स्कॉप बदकांचा थवा असतो. त्यांना शेंडी बदकांपासून वेगळं करायला आधी डोकं बघायचं, मागे शेंडी नाही, मग नराची पाठ, काळी नसून बारीक नक्षीची करडी. समुद्रावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले की हा सगळा उद्योग सोडून द्यावा. लाटांच्या खळग्यांत पक्षी आणि सावली यांत फरक उरत नाही. आणि भिंगावर खाऱ्या पाण्याचे तुषार बसले तर कोरड्या कापडाने पुसायचं नाही. मिठाचे कण काचेवरचा मुलामा खरवडतात. आधी गोडं पाणी ओतायचं, मगच मऊ कापड.

काठावरच्या शेवाळलेल्या दगडांवर टर्नस्टोन दगड उलटत असतात, तेच जे आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवरही हिवाळा काढतात. खाऱ्या गवतावर विजन बदकं चरतात. त्यांच्या नराची 'व्ही-यू' अशी लांबवत नेलेली शीळ ज्याने उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यावर ऐकली असेल त्याला ती इथे आंधळेपणीही ओळखू येईल. तलवार बदकंही दिसतात. ही ओळखीची माणसं परगावी भेटावीत तशी भेट असते. बार्नॅकल मात्र आपल्याकडे येत नाही. आपला पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, यांचा बार्नॅकल पूर्व ग्रीनलंडच्या कड्यांवर घरटी करतो आणि आइसलँडमार्गे इथे उतरतो, ऑक्टोबरात येऊन एप्रिलमध्ये जातो. त्याची घरटी कुणी पाहिली नव्हती, म्हणून मध्ययुगात युरोपातल्या लोकांचा समज होता की हा पक्षी समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाला चिकटलेल्या शिंपल्यांतून जन्मतो. ते शिंपले खरोखर काळे-पांढरे, लांब देठाचे, पक्ष्याच्या गळ्यासारखे दिसतात. वादळानंतर सालिगोच्या वाळूवर असा एखादा ओंडका आलेला असला की त्या लोकांना वेड्यात काढावंसं वाटत नाही. दर शरद ऋतूत हजारो पक्षी समुद्रावरून येतात आणि त्यांचं अंडं कुणी पाहिलेलं नाही. मग दुसरं काय समजायचं?

दुपारकडे लॉख गॉर्म. हे गोड्या पाण्याचं, बेटावरचं सर्वांत मोठं तळं, भोवती दलदल आणि उंचसखल कुरणं. इथे शोधायचा तो ग्रीनलंडचा पांढऱ्या कपाळाचा कादंब. बार्नॅकलच्या गर्दीशेजारी तो मातकट दिसतो आणि नजर त्याच्यावरून घसरते. चोच नारिंगी, पाय नारिंगी, पोटावर काळे आडवे ओरखडे, चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा. यंदाच्या पिल्लांना ना पट्टा ना ओरखडे, म्हणून थव्यात पिल्लं किती हे डोळ्यांनी मोजता येतं. बहुतेक कादंबांची पिल्लं वर्षभरात वेगळी होतात. यांची दोन-तीन हिवाळे, कधी त्याहूनही जास्त, आईबापांजवळ राहतात. त्यामुळे वीस पक्ष्यांचा थवा नीट बघत बसलं तर त्यात चार-पाच कुटुंबं सुटी दिसू लागतात. कोण कुणाच्या मागे जातो, कोण मान वर करून राखण करतो तेव्हा बाकीचे खातात. यासाठी अर्धा तास लागतो, आणि या अर्ध्या तासात एकही पक्षी उठता कामा नये. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे जगात सगळे मिळून ३५ हजारांच्या आसपास होते, पुढे ते २० हजारांच्या आसपास उतरले. आइसलँडने २००६ मध्ये आणि ग्रीनलंडने २००९ मध्ये त्यांची शिकार थांबवली, तरी पिल्लंच कमी येतात. याच बेटावर १९८५ मध्ये डुइक मॉस या दलदलीवरून मोठा वाद झाला होता. तिथलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काढून व्हिस्कीसाठी धुरवायचं होतं, आणि हे कादंब तिथे रात्री मुक्काम करत होते. बेटावर पोट भरायला दारूभट्ट्या होत्या, पक्षी नव्हते, त्यामुळे बाहेरून आलेल्या पर्यावरणवाद्यांवर लोक चिडले. दलदल वाचली. तो राग मात्र समजून न घेता या बेटावर पक्षी बघू नयेत असं वाटतं.

तो राग आजही आहे, फक्त आता तो बार्नॅकलवर आहे. हिरवंगार, खत घातलेलं राय गवत शेतकरी गुरांसाठी वाढवतो, आणि ते कादंबांना रानातल्या कुठल्याही गवतापेक्षा गोड लागतं. मार्च-एप्रिलमध्ये पहिली कोवळी पात वर येते तेव्हाच ग्रीनलंडच्या प्रवासासाठी चरबी साठवायची वेळ असते. जे गायी-मेंढ्यांनी खायचं ते पक्षी खाऊन जातात आणि शेतकऱ्याला चारा बोटीने विकत आणावा लागतो. सरकार नुकसानभरपाई देतं. पण बेटावर एकेकाळी ४० हजारांपुढे गेलेले बार्नॅकल कमी करायचे म्हणून २०१४ मध्ये दहा वर्षांचं धोरण आखलं गेलं, नुकसान २५ ते ३५ टक्क्यांनी खाली आणायचं, आणि त्यात परवानाधारक बंदूकवाल्यांनी कादंब मारणंही होतं. पक्षी-संवर्धनवाल्यांनी त्याला जोरदार विरोध केला. पट्टकादंब रात्री हरभऱ्यात उतरलेला ज्याने पाहिलाय, त्याला दोन्ही बाजू कळतात आणि कुठलीच पूर्ण पटत नाही. पण एक गोष्ट सरळ आहे. उभा माणूस पाहून या पक्ष्यांच्या माना का ताठ होतात, ते त्यांनी शिकलेलं आहे. कॅमेरा आणि बंदूक यांत त्यांनी फरक करावा अशी अपेक्षा करता येत नाही.

चालायचंच असेल तर आर्डनेव्हला चालावं. ग्रुइनार्टच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे गेलं की एक छोटं तळं लागतं, त्यावर व्हूपर हंस असतात, आणि पुढे वाळूच्या टेकड्या. इथे गुरं हिवाळ्यातही बाहेर असतात, आणि गुरांच्या शेणात चफ असतात. काळाकुळकुळीत, कावळ्याहून नाजूक, लाल बाकदार चोच, लाल पाय. लडाख-स्पितीला गेलेल्या मराठी माणसाने हा पाहिलेला असतो, फक्त इथे तो समुद्रसपाटीला आहे. स्कॉटलंडमध्ये याच्या जोड्या पन्नासही नाहीत, आणि त्या जवळपास सगळ्या आयला आणि शेजारच्या कोलन्से बेटावर. हिवाळ्यात त्याचं पोट शेणकिड्यांच्या अळ्यांवर चालतं. गुरांना जंतांचं काही विशिष्ट औषध दिलं की ते शेणात उतरतं, अळ्या वाढत नाहीत, आणि चफची पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं उपाशी मरतात. इतका सरळ धागा आहे. म्हणून शेणाचे पो उकरलेले दिसले, बाजूला बारीक भोकं पाडलेले, की आनंद होतो. 'च्याव' असा उसळता आवाज आला की थांबायचं, खाली बसायचं, वाळूच्या उंचवट्याआड राहायचं. वाऱ्याविरुद्ध तो तुमच्याकडे आपणहून येतो. टेकडीच्या माथ्यावर आकाशाला लागून उभं राहिलं की सगळे पक्षी पलीकडच्या खोऱ्यात, आणि दिवसातले उरलेले दोन तास त्यांच्या मागे गेलेले.

तीनच्या सुमाराला सपाटीवर परत यायचं, त्या रस्त्यावर. इथून उत्तरेकडे बघायचं असतं म्हणून दिवसभर ऊन पाठीशीच राहतं. संध्याकाळी ते डाव्या खांद्यावरून येतं आणि ओल्या कुरणांवर तांब्याचा रंग चढतो. भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्याची एखादी मादी गवतावरून हात-दोन हात उंचीने, पंखांचा इंग्रजी 'व्ही' करून, डुलत जाते. तिच्याकडे कादंब मान वर करून बघतात आणि पुन्हा खाली घालतात. गरुड आला तर मात्र सगळं बेट उठतं. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड दोन किलोमीटरवर असला तरी आधी कादंब सांगतात, मग आपल्याला दिसतो. त्या उठण्यात आणि दाराच्या उठण्यात फरक आहे. गरुड पुढे गेला की बहुतेक थवे त्याच कुरणात उतरतात.

मावळतीनंतर मोजणी करायची. पहिले दहा पक्षी डोळ्यांनी मोजायचे, ते दहा आकाशात केवढी जागा घेतात ते लक्षात ठेवायचं, त्या मापाने शंभर, मग शंभराच्या मापाने पुढे. मोठ्या थव्यांत माणूस नेहमी कमी मोजतो. पाचशे वाटले तर बहुधा सातशे असतात. तुकड्या पूर्वेकडून, दक्षिणेकडून येत राहतात, लॉखच्या उघड्या चिखलावर पंख आवरून, एकदम उंची टाकत, जणू कुणी पायऱ्या काढून घेतल्या. उजेड गेल्यावर मोजता येत नाही, फक्त ऐकता येतं. पाच वाजता त्या चिखलावर किती हजार आहेत हे आवाजावरून कळत नाही, पण अजून येत आहेत की थांबले, हे कळतं.

सकाळचं ते कुरण या रस्त्यावरच आहे, दोन कुंपणं सोडून. दुपारी तिथे शंभरेक कादंब पुन्हा चरत होते. तेच की दुसरे, सांगता येत नाही. आता अंधारात ते रिकामं आहे. स्कोप पिशवीत घालायचा तर मागचं दार उघडावं लागतं. ते उघडायची घाई नसते. स्कोप मांडीवर, काच वर, आणि लॉखवरचा कल्लोळ उतरून ती सकाळची कुजबुज होईपर्यंत बसायचं. मग उतरून दार हळू उघडायचं, पिशवी आत ठेवायची, आणि आपटायचं नाही. कमरेने दाबत न्यायचं, शेवटच्या कट्‌ पर्यंत.